बंदुकीच्या नळीवरचे नाव

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकेने ठासणीच्या बंदुकीवर बोलावे, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. मला बोलावयाचे आहे ते बंदूक चालविणाऱ्यांविषयी नाही, तिची नळी घडविणाऱ्या लोहारांविषयी. त्यांची विद्या काय होती, ती कशी मावळली आणि तिच्यावरून आपल्या शाळेने पुढील वर्षापासून काय करावयाचे योजिले आहे, हे मी क्रमाने सांगणार आहे.

आपण ज्या शहरात राहतो त्याच्या नकाशातच तोफा-बंदुका आहेत. १७२७ मध्ये सवाई जयसिंहांनी वसविलेल्या या नगरातील दोन चौकड्यांची नावे तोपखाना देश आणि तोपखाना हुजुरी अशी आहेत. आपल्या प्रत्येक तुकडीने सहलीत जयगडावरची जयबाण तोफ पाहिली आहे. १७२० च्या सुमारास त्याच गडावरच्या ओतशाळेत ती ओतली गेली. वजन सुमारे ५० टन आणि नळीची लांबी २० फूट. तिचे भोक कोरण्यासाठी बैलांच्या बळावर फिरणारे यंत्र वापरीत, हेही तेथे पाहावयास मिळते.

जयबाण ओतीव आहे. धातू वितळवून साच्यात ओतला आणि तोफ तयार झाली. परंतु शिपायाने खांद्यावर वाहावयाच्या बंदुकीला हा मार्ग सोयीचा नव्हता. तांब्या-कथलाचा मिश्रधातू महाग आणि जड. ओतीव लोखंड ठिसूळ, आतल्या स्फोटाने तडकणारे. म्हणून हातातल्या बंदुकीची नळी घडीव लोखंडाची असे आणि ती ऐरणीवर सांधून तयार करीत. तोफांच्या बाबतीतही हा दुसरा मार्ग आपल्याकडे होता. महाराष्ट्रातील किल्ल्यांचे अभ्यासक ओतीव तोफ आणि बांगडी तोफ असा भेद करतात, तो याच कारणाने. बांगडी तोफ म्हणजे उभ्या लोखंडी पट्ट्यांवर तापलेली कडी एकापुढे एक चढवून, ठोकून एकजीव केलेली तोफ. पुढे जे मराठ्यांच्या राज्याची राजधानी झाले त्या तंजावरात, त्याआधीच्या नायक राजांच्या काळातील सुमारे २६ फूट लांबीची अशी घडीव तोफ आजही तटावर उभी आहे.

आता नळी कशी सांधीत ते पाहू. प्रथम घडीव लोखंडाची लांब पट्टी करावयाची. एका पद्धतीत ती लोखंडी सळईभोवती उभी वळवून तिच्या दोन्ही कडा जुळवीत; दुसरीत ती सळईभोवती तिरकी, दोरी गुंडाळावी तशी गुंडाळीत. एवढ्याने ती नळीसारखी दिसते. पण कागदाच्या सुरळीप्रमाणे कोठूनही उलगडू शकते. तिला एकजीव करावयाचे ते भट्टीत. येथे डाख नाही, खिळा नाही, जोडण्यासाठी दुसरा धातू नाही. लोखंडाने लोखंडालाच धरावयाचे असते.

तापणारे लोखंड आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे आणि शेवटी डोळे दिपविणारे पांढरे होते. सांधा बसण्याची वेळ ती हीच, सुमारे १३०० अंश सेल्सिअसच्या आसपासची. लोहारापाशी तापमापक नव्हता. केवळ रंगावरून तो हे ओळखीत असे. धग थोडी उणी पडली तर घाव वाया जातो; थोडी अधिक झाली तर लोखंडच जळू लागते आणि फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात. त्यात आणखी एक शत्रू असतो. तापलेल्या लोखंडावर हवेमुळे कीट चढते. ते सांध्यात अडकले तर जोड वरून बसल्यासारखा दिसतो आणि आतून पोकळ राहतो. म्हणून लोहार त्यावर बारीक वाळू किंवा टाकणखार टाकतो. कीट वितळून पातळ होते आणि पहिल्या हलक्या, झटपट घावांसरशी बाहेर फेकले जाते. दगडी कोळशातील गंधक लोखंडाला ठिसूळ करतो, म्हणून इंधन लोणारी कोळशाचे.

नळी एका दमात सांधता येत नाही. चार-चार बोटे भाग तापवावयाचा, आत सळई सरकवावयाची, ठोकावयाचे, सळई चिकटण्याआधी ती ओढून काढावयाची आणि पुन्हा भट्टी. पुरुषभर उंचीच्या नळीला अशा कितीतरी फेऱ्या होत. मग आतून भोक कोरावयाचे, नळी सरळ करावयाची, मागचे तोंड बंद करावयाचे आणि शेवटी नेहमीपेक्षा अधिक दारू ठासून परीक्षा घ्यावयाची. सांधा कच्चा असेल तर नळी तेथेच फुटे. ही परीक्षा चुकवून बंदूक कोणाच्या हाती दिली, तर त्याची किंमत त्या माणसाचा हात किंवा डोळा देई. लोहाराच्या कामात निष्काळजीपणाला जागा का नव्हती, हे यावरून ध्यानी यावे.

ही विद्या करणारे लोक सहसा लिहीत नसत. सुदैवाने एका लेखकाने तिची दखल घेतली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त बादशाही बंदुकांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. पट्टी तिरकी गुंडाळून तिचे पदर एकमेकांवर येतील असे सांधण्याची रीत तो वर्णितो आणि सांगतो की, पूर्वी नळी पाव भागाहून अधिक भरता येत नसे, आता तोंडापर्यंत भरली तरी ती फुटत नाही. एका बैलाकडून एकाच वेळी १६ नळ्या साफ करविणाऱ्या चक्राचेही वर्णन तेथे आहे. दरबारी लेखकाच्या रिवाजाप्रमाणे शोधांचे श्रेय त्याने बादशहाला दिले. परंतु उस्ताद कबीर आणि हुसेन या कारागिरांची नावे घ्यायलाही तो विसरला नाही.

त्याच प्रकरणातील एक तपशील मला शिक्षिका म्हणून फार मोलाचा वाटतो. बादशाही शस्त्रागारातील प्रत्येक बंदुकीवर काही नोंदी कोरीत: कच्च्या लोखंडाचे वजन, घडल्यानंतरचे वजन, लोखंड कोठून आणले ते ठिकाण, कारागिराचे नाव, घडविल्याचे ठिकाण, तारीख आणि अनुक्रमांक. या दोन वजनांचा विचार करा. त्यांतील फरक म्हणजे आगीत आणि घावांखाली जे गळून गेले ते. आपण गुणपत्रिकेवर केवळ शेवटचे वजन लिहितो. मूल कोठून आले, येताना काय घेऊन आले आणि वाटेत त्याने काय सोसले, याचा रकाना आपल्याकडे नाही.

अकबराच्या 'संग्राम' नावाच्या बंदुकीनेच चितोडच्या वेढ्यात जयमल राठोड पडला, असे त्याच्या दरबाराचा इतिहास सांगतो. १५६८ मध्ये चितोड पडले. ज्यांच्या बैलगाड्या आपल्या रस्त्यांच्या कडेला उभ्या दिसतात त्या गाडिया लोहारांची परंपरा अशी की, त्यांचे पूर्वज चितोडचे शस्त्रकार होते आणि गड परत मिळेपर्यंत स्थिर घर करणार नाही, अशी शपथ घेऊन ते बाहेर पडले. १९५५ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडावर नेले. समारंभ झाला, बहुतेकांच्या गाड्या मात्र पुन्हा रस्त्यावरच आल्या.

मागील वर्षी अशाच एका कुटुंबाला आम्ही शाळेच्या पटांगणात बोलाविले होते. आठवीच्या मुलांसमोर त्यांनी साखळीची तुटलेली कडी सांधून दाखविली. नवरा सांडशीत लोखंड धरून लहान हातोडीने जागा दाखवीत होता आणि बायको घण मारीत होती. जोड बसला असे आम्हा सर्वांना वाटले. त्याने कडी ऐरणीच्या कडेवर आपटली आणि सांधा उघडला. एक मुलगी म्हणाली, "काका, अच्छा तो दिख रहा था!" तो म्हणाला, "दिख रहा था बेटी, पकड़ा नहीं था." मग उघडलेली टोके त्याने पुन्हा घडून घेतली, पुन्हा तापविली आणि दुसऱ्या खेपेस सांधा असा बसला की, जोड कोठे आहे ते मुलांना शोधूनही सापडेना. मूल्यमापनावरची अनेक प्रशिक्षणे मी केली आहेत. पाठांतर आणि आकलन यांतला फरक इतक्या थोड्या शब्दांत मला कोणी सांगितला नव्हता.

या शहराशी आपले, म्हणजे मराठी माणसांचे, नातेही एकेकाळी बंदुकीच्या नळीतून बोलणारे होते. १७८७ मध्ये तुंग्याच्या रणात जयपूरचे सवाई प्रतापसिंह आणि महादजी शिंदे समोरासमोर आले. १७९० मध्ये पाटणला पुन्हा गाठ पडली. महादजींच्या नव्या पलटणींसाठी आग्र्याला तोफा-बंदुकांचा कारखाना उभा होता आणि त्यावर सँग्स्टर नावाचा स्कॉटिश अधिकारी होता. तेथे भाते ओढणारे आणि घण मारणारे हात मात्र याच मुलखातले असणार. त्यांच्या नावांची नोंद आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. ज्या नगरीवर आपल्या फौजा चालून आल्या, तिने पुढे आपल्याला घरे दिली आणि मराठी शाळेला ६० वर्षे आसरा दिला, हे या महोत्सवी वर्षात कृतज्ञतेने आठवावे.

ही विद्या का मावळली? कारणे अनेक आहेत. विलायती कारखान्यांतून नळ्या येऊ लागल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात शस्त्र बाळगण्यावर आणि बनविण्यावर परवान्याची बंधने आली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात पोलाद स्वस्त झाले आणि अखंड पोलादी कांबीला यंत्राने भोक पाडून नळी होऊ लागली. सांध्याचीच गरज उरली नाही. बंदुका कमी घडल्या याचे दुःख मानण्याचे कारण नाही. दुःख याचे आहे की रंगावरून धग ओळखणारी, घावाच्या आवाजावरून सांधा पारखणारी पिढ्यान्‌पिढ्यांची जाण कोणत्याही वहीत न उतरता गेली. ज्यांच्या हाती विद्या होती त्यांच्या हाती लेखणी नव्हती आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी भट्टीजवळ जाणे कमीपणाचे मानले. आपल्या समाजाचा सर्वांत कच्चा सांधा हाच आहे.

शिक्षणाने हा सांधा जोडावा, असा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. आपल्या वेळापत्रकातही कार्यानुभवाचा तास आहे; परीक्षा जवळ आली की तो गणिताला दिला जातो, हे येथे बसलेले माजी विद्यार्थी जाणतात. जुन्या कार्यानुभवाच्या खोलीत आज मोडकी बाके ठेवलेली आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालविण्याची तरतूद केली आहे. ते दहा दिवस आम्ही सहलीत संपविणार नाही. ती खोली रिकामी करून पुढील वर्षी सुरू करावयाची आहे. प्रत्येक विद्यार्थी एका कारागिराचे काम पाहील, जमेल तेवढे हाताने करील आणि त्याची नोंद मराठीत लिहील. रकाने अबुल फझलने सांगितलेलेच: माल कोठून आला, आधीचे वजन, नंतरचे वजन, ठिकाण, तारीख आणि कारागिराच्या संमतीने त्याचे नाव.

काही पालकांची शंका मला ठाऊक आहे. या दहा दिवसांत मुले अभ्यासात मागे पडणार नाहीत का? आधीच मराठी माध्यम, त्यात हे. ही चिंता खोटी नाही. पटावरची संख्या पाहताना तीच चिंता मलाही असते. पण तेरा वर्षांच्या मुलाने दोन वजनांतील फरक स्वतः तराजूवर पाहिला, तर शेकडेवारी त्याला पुन्हा शिकवावी लागत नाही. आणि भाषेचे म्हणाल, तर ऐरणीला येथे अहरन म्हणतात, घणाला घन, सांडशीला संड़सी. आपल्या मुलांना हे शब्द दोन्ही बाजूंनी कळतात. इतकी जवळची नाती दाखविणारा पाठ कोणत्या पुस्तकात मिळेल? लोहाराच्या मुलाने लोहारच व्हावे, असे मी मुळीच म्हणत नाही. त्याने हवे ते व्हावे. आणि अधिकाऱ्याच्या मुलीने एकदा तरी घण उचलून पाहावा.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. महोत्सवासाठी आपण सढळ हाताने निधी दिला आहे. आता वर्षातले दोन शनिवार द्या. आपल्यापैकी जे कारखान्यात, कार्यशाळेत, रत्नांच्या किंवा छपाईच्या व्यवसायात आहेत, त्यांनी मुलांना आपल्याबरोबर काम करणाऱ्या कारागिरांपर्यंत न्यावे. पहिली नोंदवही येत्या स्नेहसंमेलनात आपल्यासमोर ठेवू. तिच्यात काही सांधे कच्चे निघतील. ते पुन्हा तापवू आणि पुन्हा ठोकू.