व्यवहारातील इंग्रजी : शब्द आणि रीत

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच झाला. परंतु इंग्रजीत उत्तम गुण मिळविणारा मुलगा नोकरीच्या मुलाखतीत मूक होतो, अशी पुष्कळ पालकांची तक्रार असते. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. मग अडते कोठे? माझ्या अल्प मतीप्रमाणे आपण शब्द शिकतो, परंतु बोलण्याची रीत शिकत नाही.

आपण 'पाणी द्या' म्हणतो तेव्हा 'द्या' या रूपातच आदर येतो. इंग्रजीत 'तू' आणि 'आपण' या दोहोंस 'यू' हा एकच शब्द. म्हणून 'गिव्ह मी वॉटर' हा हुकूम ठरतो. मुलगा मनाने नम्र असूनही ऐकणारास उद्धट वाटतो. तेथे 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?' असे म्हणावे. तसेच 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' असे कोणी विचारल्यास, खिडकी उघडण्यास तयार असणाऱ्याने 'नॉट अ‍ॅट ऑल' म्हणावयाचे. कारण 'आपली हरकत आहे काय?' असा तो प्रश्न आहे.

आता वाक्प्रचार. 'गिव्ह' म्हणजे देणे. पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, 'गिव्ह इन' म्हणजे नमते घेणे. यात नवल नाही. मराठीतही 'बोलणे' आणि 'बोलून बसणे' यांत केवढे अंतर आहे! ओग्डेन या इंग्रज पंडिताने १९३० साली ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली. तीत सहायक धरून क्रियापदे अवघी १८. 'गेट', 'पुट', 'टेक' अशा लहान क्रियापदांना 'अप', 'आउट', 'ऑफ' जोडून केवढा तरी व्यवहार भागतो. यास्तव प्रथम ती पक्की करावीत. मुसळधार पावसाला 'कॅट्स अँड डॉग्स' म्हणण्यासारखे पुस्तकी अलंकार ओळखता आले म्हणजे पुरे. नित्याच्या बोलण्यात ते क्वचितच येतात.

रोज एक वाक्प्रचार घ्यावा. सुटा शब्द न लिहिता स्वतःच्या व्यवहारातील पूर्ण वाक्य वहीत लिहावे व मोठ्याने म्हणावे. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे घरच्यांनी आपसांत इंग्रजी बोलावे. त्यात सुना व लेकींनाही बोलावे, आणि कोणी चुकल्यास हसू नये. व्याकरणाच्या चुका सरावाने सुधारतात. हसण्याच्या धास्तीने मिटलेले तोंड मात्र लवकर उघडत नाही.

याने मराठीची हेळसांड होईल, ही भीती नको. मोल्सवर्थ या इंग्रजाने परक्या देशात येऊन मराठी आत्मसात केली आणि सहकाऱ्यांसह १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. त्याने स्वभाषा सोडली नाही; आपणही सोडू नये. ज्यास मायबोलीतील बारकावे कळतात, त्यास परभाषेतील बारकावेही लवकर उमगतात.