एक यंत्र पडले तरी खिडकी चालू राहावी

(रायपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



‘लिंक फेल’ हे दोन शब्द आपल्या रेल्वे कामगाराला आणि टपाल कामगाराला सारखेच ठाऊक आहेत. यंत्र बंद पडते, रांग खोळंबते आणि शिव्या खातो तो काचेमागचा माणूस. म्हणून दूरच्या केंद्रात काय चालते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

रेल्वेचे संगणकावरील आरक्षण दिल्लीत 1985 साली सुरू झाले. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद अशी पाच केंद्रे झाली आणि 1999 मध्ये ती एकमेकांना जोडली गेली. त्याआधी परतीच्या बर्थसाठी तार करावी लागे. या केंद्रांत ‘क्लस्टर’ पद्धत वापरली गेली. डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीने ती 1983 मध्ये जाहीर केली होती.

क्लस्टर म्हणजे यंत्रांची गँग. रूळ एक, हात अनेक. नोंदींच्या डिस्क सामाईक असतात, काम वाटून घेतले जाते आणि एक यंत्र पडले तर त्याचे काम बाकीची उचलतात.

यात दोन धोके असतात. गीतांजलीचा एकच बर्थ दोन खिडक्यांनी एकाच क्षणी मागितला तर? ज्याची मागणी आधी पोचली त्याच्यासाठी नोंदीला कुलूप लागते, दुसरा थांबतो. आणि आपसातली जोडणी तुटून गँगचे दोन तुकडे झाले तर? प्रत्येक यंत्राला मत असते. बहुमत ज्या तुकड्याकडे, तोच काम चालू ठेवतो. कोरम नसलेल्या सभेने ठराव करू नये, हा युनियनचा नियम यंत्रांनाही पाळावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. चार यंत्रे काठोकाठ भरलेली असतील, तर एक पडताच उरलेली तीनही बसतात. म्हणून प्रत्येकावर तीन चतुर्थांशाहून अधिक भार टाकायचा नसतो. हिशेब तपासणाऱ्याला ती मोकळी जागा वाया गेलेली दिसते. बिघाडाच्या दिवशी तीच कामी येते.

एका इमारतीतल्या क्लस्टरला आग वा पूर आवरता येत नाही. म्हणून टपाल खात्याने 2013 मध्ये नवी मुंबईत डेटा सेंटर सुरू केले, तेव्हा संकटकाळासाठी म्हैसूरला दुसऱ्या केंद्राची योजना केली. पण रायपूरच्या खिडकीपासून निघणारी तार एकच असेल आणि खोदकामात तुटली, तर दोन्ही केंद्रे शाबूत असूनही आपली खिडकी बंदच!

यावरून आमच्या तीन मागण्या निघतात. प्रत्येक कार्यालयाला वेगळ्या मार्गाने येणारी दुसरी तार हवी. बिघाड किती वाजता व कोठे झाला याची नोंद व्हावी आणि ती रांगेसमोर लावावी, म्हणजे दोष क्लार्कच्या माथी बसणार नाही. तिसरी मागणी लीव्ह रिझर्व्हच्या रिकाम्या जागा भरण्याची.

यंत्राला जोडीदार देणे ही सुरक्षितता, आणि माणसाला रिलीव्हर देणे हा जादा खर्च, हा न्याय आम्हाला मान्य नाही. एक जण तापाने घरी बसला की त्याची खिडकीही शेजारच्याच्या अंगावर येते. तोही काठोकाठ भरलेला असतो. चार यंत्रांचा हिशेब साहेबांना कळतो. तोच चार माणसांना लावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.