तज्ज्ञाच्या दवाखान्यात तज्ज्ञाची भेट
(व्याख्यानमालेतील व्याख्यान, अवसरी खुर्द)

रात्री उसाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाचा पाय सापावर पडतो. भीमाशंकरच्या अंगाला असलेल्या एखाद्या वाडीत बाई अडते. कुणावर बिबट्या झडप घालतो. अशा वेळी गाडी निघते ती मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे, घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयाकडे, नाहीतर पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या एखाद्या खासगी इस्पितळाकडे. तिथे जो सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा भूलतज्ज्ञ भेटतो, तो बहुतेक वेळा आपल्या विषयाचा त्या इमारतीतला एकटाच माणूस असतो.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात शेजारच्या ओटीत दुसरा सर्जन असतो आणि सकाळच्या राउंडला सीनियर असतात. रुग्ण दगावला तर त्याचा केसपेपर मीटिंगमध्ये सर्वांसमोर उघडला जातो. तालुक्याच्या तज्ज्ञाच्या वाट्याला यातलं काही येत नाही. पदव्युत्तर शिक्षण संपवून तो गावी दवाखाना थाटतो. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत त्याच्या तोडीच्या एकाही तज्ज्ञानं त्याचं काम डोळ्यांनी पाहिलं नाही, असं सहज घडू शकतं. या एकटेपणावर एक साधा उपाय आहे. त्याच विषयातल्या दोन-तीन डॉक्टरांनी ठरवून त्याच्या दवाखान्यात यायचं, दिवसभर काम पाहायचं, केसपेपर वाचायचे आणि जे दिसलं ते त्याला मोकळेपणानं सांगायचं. याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. जुन्नर-आंबेगावला याची गरज आहे.

तपासणी आजही होते, पण ती वेगळ्या गोष्टींची. महाराष्ट्रात 1949 च्या कायद्याखाली नर्सिंग होमची नोंदणी होते. खाटा, कर्मचारी आणि जैविक कचऱ्याची व्यवस्था पाहिली जाते. डॉक्टरला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दर 5 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी 30 क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. ते बहुतांशी परिषदा आणि व्याख्यानांना हजर राहून मिळतात. डॉक्टरनं काय ऐकलं याची नोंद अशी राहते. मध्यरात्री रुग्णासमोर त्यानं काय केलं, हे मात्र कुणीच विचारत नाही.

भेटीला आलेला तज्ज्ञ नेमकं तेच विचारतो. सर्पदंशाचं उदाहरण घेऊ. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर विषानं रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखायची परीक्षा अगदी स्वस्त आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिलिलिटर रक्त घ्यायचं, नळी 20 मिनिटं न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून पाहायची. रक्त अजून पातळच असेल तर सापाची लस सुरू करायची. यात एक मेख आहे. नळी काचेचीच हवी, कारण रक्त गोठायला काचेचा पृष्ठभाग चालना देतो. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाच्या पावडरीनं धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही, आणि ज्याला विष भिनलेलंच नाही त्याला लस टोचली जाते. त्या लसीची तीव्र रिॲक्शन येऊ शकते. ही चूक पुस्तक वाचून सापडत नाही. कोणीतरी कपाट उघडून नळी हातात घ्यावी लागते आणि ती कशानं धुता, हे सिस्टरना विचारावं लागतं.

मण्यार चावल्याची गोष्ट आणखी अवघड. ती बहुधा झोपेत चावते आणि सूज येतेच असं नाही. खूणही कधीकधी सापडत नाही. माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो. पापण्या जड झालेल्या कुणाच्या ध्यानात आल्या नाहीत तर त्याला ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जाण्याचा धोका असतो. भेटीला आलेला डॉक्टर मागचे दहा-वीस केसपेपर काढून बसेल. रुग्ण किती वाजता आला, पहिली बाटली किती वाजता लागली, ॲड्रेनॅलिन भरून ठेवलं होतं का, पुढे पाठवताना सोबत श्वास देणारं कुणी होतं का, हे तो पाहील. लहान मुलाला लस वयाच्या मानानं कमी दिली असेल तर तेही सांगेल. सापानं टाकलेलं विष मुलाच्या वजनाप्रमाणे घटत नाही, म्हणून मुलाचा डोस मोठ्या माणसाइतकाच असतो.

या कामाला लागणारी माणसं परिसरात आहेत. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचाराला वाहून घेतलं आहे आणि ते इतर डॉक्टरांनाही शिकवतात. केंद्र सरकारनं मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्याचं उद्दिष्ट आहे. एका दवाखान्यातली जाण शेजारच्या दवाखान्यात पोहोचवायला भेटीइतका जवळचा रस्ता नाही.

एकट्या डॉक्टरला समव्यावसायिकांची नजर किती हवी असते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामातून दिसतं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशानं मुलं दगावताना ते पाहत होते. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणं टिपली आणि हृदय कसं निकामी होतं ते मांडलं. 1982 मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली आणि गंभीर रुग्णांमधला 30 ते 40 टक्क्यांचा मृत्युदर अगदी खाली आला. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. टोणगावकर यांनी हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्जननी तीच पद्धत वापरून पाहिली आणि सर्वांचे निष्कर्ष 2003 मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. बावस्करांना परीक्षक टपालानं मिळाले, टोणगावकरांना सहकाऱ्यांच्या ऑपरेशन टेबलावर. प्रत्येक तालुक्याच्या डॉक्टरला ही सोय घरबसल्या मिळायला हवी.

जगात हे काम सुखासुखी रुजलेलं नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला शंभर खाटांच्या वरची 692 रुग्णालयं पाहिली. केसपेपर नीट असावेत, डॉक्टरांनी नियमित बसून आपल्या कामाचा आढावा घ्यावा, अशा किमान अपेक्षा होत्या. त्या पुऱ्या केल्या फक्त 89 रुग्णालयांनी. नावाजलेली रुग्णालयंही त्यात नापास झाली होती. 1919 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात ती यादी वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून भट्टीत जाळण्यात आली. पाहणी मात्र चालूच राहिली आणि पुढे तीच तिथल्या रुग्णालयांच्या मानांकनाचा पाया ठरली.

नेदरलँड्सच्या तज्ज्ञांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस वेगळा मार्ग धरला. त्यांच्या संघटना आपल्याच सभासदांची पथकं एकमेकांच्या रुग्णालयात पाठवतात. आधी प्रश्नावली भरून घेतात आणि मग डॉक्टर, परिचारिका, व्यवस्थापन अशा सर्वांशी बोलतात. शिफारशींचा अहवाल गोपनीय असतो, आणि काही वर्षांनी पुन्हा भेट होते तेव्हा मागच्या शिफारशींचं काय झालं ते विचारलं जातं.

आपल्या देशात केरळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघानं 2004 मध्ये मातामृत्यूंची गोपनीय छाननी सुरू केली. रुग्णाचं, डॉक्टरचं आणि रुग्णालयाचं नाव काढून केसपेपर वाचायचा, दोष कुणाचा ते न शोधता मृत्यू कुठे टाळता आला असता ते शोधायचं, असा तिचा नियम आहे. 2018-20 च्या नमुना नोंदणी पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू केरळात 19, महाराष्ट्रात 33 आणि देशात 97 होते. हे श्रेय एकट्या छाननीचं नाही. पण बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं किती माता जातात, हे तिथल्या डॉक्टरांना आपल्याच केसपेपरांतून दिसलं आणि त्यांनी उपचारांची घडी त्याप्रमाणे बसवली.

बाळंतपणात वाहिलेलं रक्त डोळ्यांच्या अंदाजानं मोजलं तर कमी भरतं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या अभ्यासात नजरेचा अंदाज मापाच्या पिशवीपेक्षा 33 टक्क्यांनी कमी निघाला होता. आपल्या तालुक्यातल्या लेबर रूममध्ये अशी पिशवी आहे का, आणि असली तर वापरतात का, एवढं एका भेटीत कळेल.

सरकारी रुग्णालयांना ही कल्पना नवी नाही. 2015 पासूनच्या कायाकल्प योजनेत आधी स्वतःची तपासणी, मग दुसऱ्या संस्थेच्या पथकाकडून आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांकडून, अशा तीन पायऱ्या आहेत. तिचा भर स्वच्छतेवर आणि जंतुसंसर्ग रोखण्यावर आहे. हीच मधली पायरी उपचारांसाठी आणि खासगी तज्ज्ञांसाठीही बांधता येईल.

डॉक्टर बिचकतात आणि त्याला कारण आहे. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. त्यामुळे स्वतःची उणीव कागदावर आली तर ती कोर्टात आपल्यावरच उलटेल, अशी धास्ती असते. शिवाय शेजारच्या गावचा तज्ज्ञ हा स्पर्धकही असतो. म्हणून काही नियम पाळावेच लागतील. पाहणारे दुसऱ्या तालुक्यातले असावेत आणि त्यांनी त्याच विषयाची ग्रामीण प्रॅक्टिस केलेली असावी. टिपणात रुग्णाचं नाव नसावं. ज्याच्याकडे आज भेट झाली, तो उद्या दुसऱ्याकडे पाहणीला जावा. वर्षभरानं पुन्हा भेट व्हावी. आणि तक्रार निवारणाचं किंवा शिक्षेचं काम या पथकाकडे कधीही देऊ नये, कारण ते दिलं की केसपेपर दाखवणं त्याच दिवशी बंद होईल.

पैसे फारसे लागत नाहीत. लागतो तो एक दिवस आणि मनाची तयारी. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी या पावसाळ्याआधी फक्त दोन विषय घ्यावेत, सर्पदंश आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. सरकारी आणि खासगी तज्ज्ञ एकाच पथकात असावेत. आणि श्रोत्यांना विनंती एवढीच की, एखाद्या दिवशी ओपीडी बंद ठेवून डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरचं काम पाहायला गेल्याची पाटी दिसली, तर दारातून परतावं लागलं म्हणून रागावू नये. तो दिवस तुमच्याच कामी येणार आहे.