साखर, सरकार आणि आपण

(संस्थेच्या अमृतमहोत्सवानिमित्त बडोदे येथे झालेल्या व्याख्यानमालेत, संस्थेच्या धर्मार्थ दवाखान्यात अनेक वर्षे सेवा केलेल्या एका डॉक्टर सभासदांनी दिलेले भाषण.)



अमृतमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषय मात्र माझा मीच निवडला, आणि निवडल्यापासून थोडा पस्तावतोही आहे. कार्यक्रमपत्रिका हाती पडताच आपले एक वडीलधारे विश्वस्त मला दांडिया बाजारात भेटले आणि म्हणाले, "काय डॉक्टर, उत्सव आपला, पेढे आपले, आणि त्यांवर सरकारचा पहारा बसवायला तुम्ही निघालात?" मी म्हटले, "अण्णा, पेढ्याला मी बोट लावणार नाही. पण जी साखर आपल्या नकळत पोटात जाते, तिच्याबद्दल मला चार शब्द बोलू द्या." अण्णा आज पहिल्याच रांगेत बसले आहेत. तेव्हा माझे भाषण हे एका परीने त्यांना द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

साखरेशी आपले वैर नाही. 'शर्करा' हा आपलाच शब्द इराण आणि अरबस्तानातून फिरत फिरत युरोपच्या भाषांत जाऊन बसला. साखरेचे खाणार त्याला देव देणार, असे म्हणणारे आपण लोक. त्यात आपण पडलो बडोदेकर. देशावरून येताना आपल्या पूर्वजांच्या आमटीत चिमूटभर गूळ होता. इथे चारसहा पिढ्या काढल्यावर त्या चिमटीचा खडा केव्हा झाला, ते कोणाला कळलेही नाही. शेजारधर्म म्हणतात तो हाच! या गोडव्यावर माझी काहीच तक्रार नाही. सणाचे श्रीखंड, उन्हाळ्यातला आमरस, गणपतीचे मोदक हे आपण डोळ्यांनी पाहून, जिभेने ओळखून आणि दिवस ठरवून खातो.

माझी तक्रार दुसऱ्या साखरेबद्दल आहे, आणि ती मी पुस्तकातून शिकलो नाही; माझ्या घरातच शिकलो. माझे थोरले बंधू मधुमेही होते. मनुष्य मोठा निश्चयी. ज्या दिवशी निदान झाले, त्या दिवसापासून त्यांनी चहातली साखर सोडली, ती पुन्हा कधी घेतली नाही. पण त्या फिक्या चहाबरोबर ते चार बिस्किटे खात, कारण बिस्किटे 'पचायला हलकी'. दुपारी खोक्यातला फळांचा रस घेत, कारण फळे 'प्रकृतीला चांगली'. मी डॉक्टर, त्याच घरात राहत होतो. बिस्किटांच्या पुड्यामागची बारीक अक्षरे वाचावीत, असे मलाही कधी सुचले नाही. आधी पायाच्या अंगठ्याला जखम झाली, मग पाऊल गेले, आणि शेवटी गुडघ्याखालचा पाय गेला. केवळ बिस्किटांमुळे पाय गेला, असे मी म्हणत नाही. मधुमेहाला आनुवंशिकता आहे, वाढते वजन आहे, बैठे जीवन आहे, ताटातला भात आहे. परंतु जो मनुष्य साखर टाळण्यासाठी इतका झटत होता, त्याला साखर कुठे आहे हेच कळू नये, ही गोष्ट माझ्या मनाला अजून बोचते.

असे बंधू आता घरोघरी आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. सर्वांत जास्त प्रमाण आढळले ते आपल्या गोमंतकात, प्रौढांमध्ये २६.४ टक्के, म्हणजे चारांत एकाहून अधिक. मी दवाखान्यात बसू लागलो तेव्हा या आजाराची माणसे बहुधा पन्नाशी ओलांडलेली असत. हल्ली तिशीतली मुले समोर येऊन बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी. पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅम, सहा चमचे, राहिली तर अधिक बरे. आणि थंड काळ्या पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे तीस ग्रॅम साखर असते. म्हणजे मुलाने एक बाटली संपवली की त्याचा दिवसभराचा वाटा संपलाच. चहा, बिस्किटे, जॅम हे सगळे उधारीवर.

आता अण्णांचा खरा प्रश्न घेतो. मनुष्याने काय खावे हे सरकारने का सांगावे?

माझे म्हणणे असे की, साखरेत सरकारने हात घालावा की नाही, हा प्रश्नच जुना झाला. सरकारचे हात साखरेत कोपरापर्यंत बुडालेले आहेत. रेशनच्या दुकानापुढे साखरेसाठी पिशवी घेऊन उभे राहिलेले आपल्यापैकी पुष्कळजण इथे बसले आहेत. उसाला किमान किती भाव द्यायचा, हे सरकार ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ३५५ रुपये ठरला. कारखान्याने साखर किमान किती दराने विकावी, हेही २०१८ पासून सरकार ठरवू लागले. परदेशी किती पाठवायची आणि उसाच्या रसापासून इथेनॉल किती करायचे, यांवरही सरकारी आज्ञा निघतात. यात गैर काही नाही. शेतकरी जगला पाहिजे. पण शेतकऱ्यासाठी, कारखान्यासाठी आणि तिजोरीसाठी ज्या साखरेवर इतका कारभार चालतो, तीच साखर खाणाऱ्याच्या प्रकृतीचा प्रश्न निघाला की मात्र "हा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे" असे म्हणून सरकारने हात झटकावेत, हे मला पटत नाही. हात आहेच; तो थोडा आरोग्याकडेही वळवा, एवढेच माझे मागणे आहे.

करही आजच आहे, पण तो आंधळा आहे. २०१७ पासून वायुयुक्त थंड पेयांवर वस्तू व सेवा कर आणि उपकर मिळून ४० टक्के बसत होता. सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन कराचा दरच ४० टक्के झाला. आता गंमत पाहा. पेयात साखर दहा चमचे असो, दोन असो किंवा मुळीच नसो, कर तोच! मग कारखानदाराने साखर कमी करावी तरी कशासाठी? आणि ज्या दिवसापासून पेयांचा हा दर लागू झाला, त्याच दिवसापासून बिस्किटे आणि चॉकलेटे यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आला.

इंग्लंडने २०१८ साली दुसरी वाट धरली. पेयात १०० मिलिलिटरमागे पाच ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर हा कर नाही. पाच ते आठ असेल तर तेव्हा तो लिटरला १८ पेन्स होता. त्याहून अधिक असेल तर २४ पेन्स होता. कर दोन वर्षे आधी जाहीर केला होता. परिणाम असा झाला की, तो लागू होण्यापूर्वीच पुष्कळ कारखानदारांनी आपली पेये कमी गोड केली. लोकांनी बाटली सोडली नाही. बाटलीतली साखरच कमी झाली. मेक्सिकोने २०१४ पासून गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला. पहिल्या दोन वर्षांत त्यांची खरेदी घटली, आणि पहिल्या वर्षी ती गरीब घरांत अधिक घटली. कराचा बोजा गरिबांवर पडतो, हा आक्षेप खरा आहे. पण पाय कापण्याचा आणि डोळे जाण्याचा बोजाही गरिबांवरच अधिक पडतो. त्यांच्याकडे रजाही नसते आणि पैसाही नसतो. म्हणून या कराचे उत्पन्न शाळांतल्या पिण्याच्या पाण्याकडे आणि दवाखान्यांकडे वळवावे, अशी माझी सूचना आहे.

आणखी एक उदाहरण देतो. ते मला सर्वांत बोलके वाटते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, इंग्लंडमध्ये साखरेचे रेशनिंग सुरू झाले आणि ते १९५३ मध्ये उठले. उठताच माणशी साखर जवळजवळ दुप्पट झाली. सत्तर वर्षांनंतर संशोधकांनी त्या काळातल्या बालकांची म्हातारपणची प्रकृती पडताळली आणि २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जी मुले आईच्या पोटात असताना आणि पहिल्या दोन वर्षांत रेशनखाली वाढली, त्यांच्यात मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. ते रेशनिंग आरोग्यासाठी नव्हते, टंचाईमुळे होते. पण त्याने एवढे दाखवून दिले की, बाळपणीची गोडी साठ वर्षांनी हिशेब मागायला येते. आणि तान्ह्या मुलाला व्यक्तिस्वातंत्र्य कुठले? त्याच्या तोंडात काय जाते, ते दुसरेच ठरवीत असतात.

कोणी म्हणेल, बंदीचे फळ काय मिळते हे गुजरातेत राहणाऱ्यांना सांगायला नको. खरे आहे. म्हणून मी बंदी मागत नाही. माझी मागणी तीन गोष्टींची आहे. पेयांवरचा कर साखरेच्या प्रमाणात असावा. पुड्याच्या मागे मुंगीच्या पावलांएवढी अक्षरे न छापता, 'यात साखर जास्त आहे' हे पुढच्या बाजूला ठळक छापावे. चिली देशात २०१६ पासून अशी काळी अष्टकोनी चिन्हे आहेत. आणि शाळेच्या आवारात व दारापासून पन्नास मीटरांत अतिगोड, अतिखारट, अतितेलकट पदार्थ विकू नयेत, हा जो २०२० चा नियम आहे, तो कागदावरून रस्त्यावर आणावा.

ऊस पिकवणाऱ्यांचे काय, हेही विचारायला हवे, कारण आपल्यापैकी अनेकांचे आप्त नगर, सांगली, कोल्हापूरकडे आहेत. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला, तो शेतकऱ्याला सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी. त्या पुण्याईला धक्का लागावा, असे मला वाटत नाही. पण आज उसाला इथेनॉलची दुसरी वाट मिळाली आहे. शिवाय शेतकऱ्याचे हित त्याच्या नातवाच्या मधुमेहावर उभे राहावे, असे त्या थोर पुरुषांनाही आवडले नसते.

बंधुभगिनींनो, या नगरीत राहून "सरकारने घरात डोकावू नये" असे म्हणताना आपण जरा थबकले पाहिजे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ पासून सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होई. मूल आमचे, त्याला शेतावर न्यावे की शाळेत, हे आम्ही ठरवू, असे तेव्हाही लोक म्हणालेच असतील. आज त्या सक्तीबद्दल आपण महाराजांच्या पुतळ्याला हार घालतो. परंतु महाराजांनी नुसता दंड केला नाही. आधी शाळा काढल्या. सरकारने कर लावताना हा क्रम विसरू नये.

आता शेवटचे, आणि ते आपल्या घरचे आहे. गेल्या स्नेहसंमेलनात बक्षीस समारंभानंतर आपण प्रत्येक मुलाच्या हातात थंड पेयाची एकेक बाटली दिली. त्या बाटल्या वाटणाऱ्यांत मी स्वतः होतो. दवाखान्यात मोठ्यांना पथ्य सांगणारा डॉक्टर अंगणात त्यांच्या मुलांना साखर वाटत होता! त्या रात्री मला बंधूंची आठवण झाली आणि झोप लागली नाही. सरकार कायदा करील तेव्हा करील. आपल्या संस्थेला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. यापुढे संस्थेच्या कार्यक्रमात मुलांना ताक किंवा बेताच्या साखरेचे लिंबाचे सरबत द्यावे, आणि वसतिगृहात कोणत्या खाद्यात किती चमचे साखर असते याचा फलक लावावा, अशी माझी विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे. आपण स्वतः एवढे केले, म्हणजे सरकारकडे मागणी करताना आपल्या शब्दाला वजन येईल.

आणि अण्णा, पेढे? ते अवश्य वाटावेत. माझ्यासाठी अर्धा ठेवावा.