पॉवर बँक घेताना

पॉवर बँकेच्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, १०,००० एमएएच. आपल्या फोनची बॅटरी ५,००० ची, म्हणजे फोन दोनदा पूर्ण चार्ज होणार, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. तो आकडा आतल्या सेलचा, सुमारे ३.७ व्होल्टवरचा. बाहेर वीज येते ती ५ व्होल्टने किंवा त्याहून अधिक. व्होल्ट वाढले की एमएएच घटतात, शिवाय थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. त्यामुळे ५ व्होल्टला हाती पडतात साधारण सहा-साडेसहा हजार. फोन एकदा पूर्ण, दुसऱ्यांदा निम्मा भरला तरी पुष्कळ. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ छापलेली असते. खरा आकडा तो. दुकानदार तो आपणहून सहसा दाखवत नाही!

टॅबलेट असेल तर २०,००० ची घ्या. पण वॅटही बघा. १० वॅटवर टॅबलेट रखडतो. टाइप-सी पोर्ट आणि निदान २० वॅट हवेत. वजन मात्र वाढतं, पायी वारीला निघणाऱ्याने छोटीच घ्यावी.

विमानात पॉवर बँक सोबतच्या बॅगेत ठेवायची, चेक-इन सामानात नाही. १०० वॅट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही. २०,००० ची साधारण ७४ भरते.

आणि बीआयएसची खूण, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. वापरातली पॉवर बँक फुगलेली दिसली, तर ती पुन्हा चार्जिंगला लावू नका; ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.