पारावरच्या गप्पांचा हिशोब

(जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून इथं भावावर बोलणं झालं, कर्जावर झालं, विजेवर झालं. आता जेवणं झालीत आणि मागच्या रांगेतल्या दोघांचे डोळे मिटायला लागलेले मला इथून दिसतात. म्हणून मी जरा हलका विषय घेतो. म्हाताऱ्यांच्या गप्पा. हसा, हसा. मीही तीस-चाळीस वर्षं हसलो. पत्रकांचा गठ्ठा बगलेत घेऊन पारावरून जाताना वाटायचं, ही रिकामी माणसं, यांना काय उद्योग आहे! आता त्या पारावर मीच बसतो.

आमचं गाव शकुंतलेच्या रुळांजवळचं. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही आपली छोटी गाडी. पारावर कुठूनही बोलणं सुरू झालं तरी ते एकदा या गाडीवर येतंच. चालत्या गाडीतून उतरायचं, बाजूला जाऊन यायचं आणि पुन्हा चढायचं. कोणी लांबून हात केला की गाडी थांबायची. १९९४ पर्यंत तिला कोळशाचं इंजिन होतं, त्याचा धूर डोळ्यांत जायचा, तेही आता गोड वाटतं. गाडी बंद पडली, रुळांत गवत वाढलं, तरी गप्पांमधून ती रोज धावते. मात्र हे रूळ आपल्याला सासुरवाडीला जाता यावं म्हणून कोणी टाकले नव्हते. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर आणि तिथून मुंबईला जावा, म्हणून विलायती कंपनीनं ते टाकले. गाठी जायच्या आणि गाठींबरोबर आपणही जायचो. आपल्याला प्रवास आठवतो, गाठी आठवत नाहीत. आठवणीचा स्वभावच असा आहे, आणि माझं आजचं सगळं बोलणं या स्वभावाबद्दल आहे.

म्हातारी माणसं साल आकड्यात सांगत नाहीत. "माझा जन्म हायब्रीड यायच्या आधीचा." "लाल जवारीच्या साली थोरलीचं लग्न झालं." तरुण पोरं यावर हसतात. पण जरा लक्ष दिलं की यातून साल बरोबर काढता येतं. ज्वारीचं पहिलं हायब्रीड, सीएसएच-१, १९६४ साली आलं. लाल ज्वारी म्हणजे अमेरिकेतून आलेली मिलो, १९७२-७३ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली. त्याच साली खडी फोडायची कामं निघाली, कामावर सुकडी मिळायची. थोरलीचं लग्न कधीचं ते कळलं की नाही? शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख मास्तरांनी अंदाजानं टाकलेली असते. गप्पांतलं साल त्यापेक्षा पक्कं निघतं.

आता सोन्याचं सांगतो. वऱ्हाडात असा पार नसेल जिथं हे ऐकायला मिळत नाही, की बहात्तरच्या आगंमागं एक क्विंटल कापूस विकला की तोळाभर सोनं येत होतं. यावर सगळ्या माना हलतात. आणि आज? २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता, सोनं तोळ्याला सत्तर हजारांच्या वर होतं. नऊ क्विंटल विकूनही तोळा बसत नव्हता. आपण सभांमधून हे वाक्य टाळ्यांसाठी किती वेळा वापरलं, मीही वापरलं.

मागच्या उन्हाळ्यात मी एक उद्योग केला. नातवाची अर्धी कोरी वही घेतली आणि पारावर जाऊन बसलो. नव्वदीकडे झुकलेले एक आबा नेहमीप्रमाणं तोळ्यावर आले. मी विचारलं, "आबा, त्या साली तुम्ही सोनं किती घेतलं?"

आबा चुना मळता मळता थांबले. "सोनं? सोनं कोन घेतलं बापा! पोरीच्या लग्नात चार मनी केले, तेही सावकाराकडून आनून."

"मग कापूस किती झाला होता?"

"एकरी दीड-दोन क्विंटल. तेवढ्यात गावात नाव होत होतं."

"तो विकायला किती दिवस लागले?"

आणि मग रांग निघाली. १९७२-७३ पासून एकाधिकार खरेदी आली. इथं बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकानं ती रांग पाहिली आहे. मैलभर बैलगाड्या. गाडीखाली अंथरूण. रात्री गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, एखाद्याकडं डफडं. थंडीचे दिवस, वर चांदणं. आबांच्या चेहऱ्यावर जी कळा आली, ती पाहून मला वही मिटून टाकावीशी वाटली. पण मिटली नाही. म्हटलं, किती दिवस लागत होते?

चार दिवस. कधी पाच.

बैलांचा कडबा? घरून नेलेला, दोन जोड्यांचा. माणसं? दोन. तेवढ्या दिवसांत शेतातलं काय राहिलं? तूर तशीच उभी होती. प्रतवारीत काय झालं? ओला आहे म्हणून खालच्या दर्जात टाकला. पैसा हातात कधी आला? हप्त्यांनी. शेवटचा हप्ता आला तोवर दुसरी पेरणी आली होती आणि बियाण्याला सावकाराकडं जाऊन झालं होतं.

आबा बोटांवर मोजत होते. दुसऱ्या हाताची बोटं संपली तेव्हा म्हणाले, "म्हंजे तोळा तं रांगेतच खाल्ला म्हन नं आमी."

सगळे हसले. आबाही हसले, पण नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

मी हे आबांची आठवण खोटी ठरवायला सांगत नाही. रोडगे खरे होते. एका गाडीखाली तीन गावांची माणसं झोपली, एकमेकांचं सुखदुःख बोलली, सोयरिकी जमल्या, हे सगळं खरं आहे. आपली चळवळ पसरली त्यातही त्या रांगेतल्या रात्रींचा वाटा आहे. पण रोडग्याची चव लक्षात राहिली आणि कडब्याचा हिशोब राहिला नाही. सरकारच्या दप्तरात भाव मिळेल, किती क्विंटल खरेदी झाली ते मिळेल. तुमचे बैल चार दिवस काय खात होते, हे कोणत्याही दप्तरात मिळणार नाही. ते फक्त त्या आबांच्या डोक्यात आहे, आणि विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

एक गोष्ट राहिली. हे सगळं चाललं होतं तेव्हा पलीकडच्या ओट्यावर एक बुढीमाय तूर निसत बसली होती. पारावर बायका बसत नाहीत, त्यामुळं पारावरच्या इतिहासात बायका नसतात. ती तिथूनच म्हणाली, "भाऊ, वहीत येचनीवालीचं लिहिलं काय?"

मी म्हटलं, मजुरी धरतो की.

"मजूरबाईची धरशील. घरच्या बाईची?"

मी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि वहीची पानं तिथं खरी भरली. पहाटे तीनला उठून जातं. मग पाणी. मग भाकरी थापून शेतात. पेरणीच्या दिवसांत तिफनीमागं सरता धरायचा, मुठीतली सरकी बेतानं सोडायची. त्याआधी जिनातून आणलेली सरकी शेणमातीत घोळून, हातानं चोळून ठेवायची, म्हणजे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. हे काम बाईचं. दिवाळीपासून कमरेला ओटी बांधून वेचणी. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटत, त्याला रात्री तेल. मी जरा कौतुकानं म्हटलं, माय, जात्यावरच्या ओव्या मात्र गेल्या. तर म्हणते, "ओव्या काय हौसेनं म्हनत होतो बापू? झोप येऊ नये म्हनून म्हनत होतो."

गिरणी आली त्या दिवशी तिनं जात्याला हळद-कुंकू वाहिलं आणि पुन्हा त्याच्याकडं पाहिलं नाही. जुने दिवस परत आणायची भाषा करणाऱ्यांनी आधी घरातल्या बाईला विचारून यावं.

मग जुन्या दिवसांत खरोखर चांगलं काही नव्हतंच का? होतं. पार आणि ओटा दोघांचंही एका गोष्टीवर एकमत झालं. घरात ज्वारी होती. उंच ताटाची गावरान ज्वारी, माणसाला दाणा आणि बैलाला कडबा. रोझियम असो की बुरी, कपाशीचं बी घरचं किंवा जिनातलं. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ आलं, कपाशीचं पहिलं हायब्रीड. त्याचा एकेक दाणा मोजून टोबायची वेळ आली आणि बियाण्याला रोकड लागू लागली. २००२ साली बीटीला परवानगी मिळाली, तिथपासून घरचं बी संपलंच. उत्पन्न वाढलं, हेही आबांनी कबूल केलं. सुरुवातीची काही वर्षं फवारणीही कमी झाली. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. हायब्रीड ज्वारीनंही पोट भरलं, पण ताट बुटकं आणि परतीच्या पावसात सापडली की दाणा काळा. पारावर अजून कोणी नाजूक पोरगा दिसला की म्हणतात, हायब्रीड आहे! पुढं सोयाबीन आलं आणि ज्वारी बांधापुरती उरली. बुढीमाय म्हणाली, "तवा पैसा मिठाले, कापडाले न् राकेलाले लागत होता. आता भाकरीलेही लागते." अर्थशास्त्राची बरीच पुस्तकं मी वाचली, त्यांत हे इतकं सरळ लिहिलेलं सापडलं नाही.

ज्वारी पेवात ठेवत. तरुण मंडळींसाठी सांगतो, पेव म्हणजे जमिनीखालचा कोठा, आत गवत-कडब्याचं अस्तर, वरून माती. पेव उघडलं की लगेच कोणी उतरायचं नाही, आतल्या कोंडलेल्या हवेनं माणूस मरतो. तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून पाहायचा. कंदील विझला तर थांबायचं. आमच्या पारावरचे एक दुसरे आबा हे नेहमी सांगत. गढीखालच्या गल्लीत कुठं कुठं पेवं आहेत, तेही पायानं दाखवत. आम्ही हो हो म्हणायचो. मागच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला ते गेले. पोळ्याच्या आधी त्याच गल्लीत एका शेतकऱ्याच्या बैलाचा पाय जमिनीत गेला आणि मोडला. खाली पेव होतं. पन्नास हजारांच्या वरचा बैल. आबा असते तर ओरडले असते. आता आणखी किती पेवं आहेत आणि कुठं आहेत, ते सांगणारं गावात कोणी नाही.

वेळ झाला, अध्यक्ष घड्याळाकडं बघताहेत. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावानं एक वही आणावी. एका म्हाताऱ्याशी आणि एका म्हातारीशी बोलून. भाव किती होता हे विचारू नका, ते दप्तरात आहे. रांगेत किती रात्री गेल्या, बैलांनी काय खाल्लं, दळण किती होतं, पेव कुठं होतं, हे विचारा. त्यांना गोड आठवण सांगू द्या, मध्ये तोडू नका, हिशोब नंतर विचारा. आणि दुपारीच जा. संध्याकाळी म्हातारीच्या टीव्हीवर मालिका असतात, तेव्हा ती तुम्हाला उभं करणार नाही.