शहर कोणाचे? एका गाण्याची साक्ष



अर्थशास्त्राच्या माणसाने गाण्यावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु शहर कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर मला एका गाण्यात सापडले, म्हणून हे धाडस.

‘माझे लाडके ब्युनोस आयर्स’ हे टँगोगीत कार्लोस गार्देलने १९३४ साली ‘कुएस्ता आबाहो’ या चित्रपटात गायिले. दुरावलेल्या शहराची आठवण आणि परतीची आस हा त्या गीताचा प्राण. अर्जेंटिनाच्या या राजधानीने ते जणू आपले नगरगीत मानले.

आता त्याची जन्मकथा पाहा. चित्रपट अमेरिकन कंपनीचा, तयार झाला न्यूयॉर्कमध्ये. चाल गार्देलची. त्याच्या जन्माची नोंद १८९० साली फ्रान्समधील तुलूझची. उरुग्वेही त्याच्यावर हक्क सांगतो. कपड्यांना इस्त्री करून पोट भरणाऱ्या आईबरोबर तो लहानपणी ब्युनोस आयर्सला आला. शब्द आल्फ्रेदो ले पेराचे. तो ब्राझीलमध्ये इटालियन स्थलांतरितांच्या पोटी जन्मला. म्हणजे शहराच्या लाडक्या गीताचे दोन्ही कर्ते ‘बाहेरचे’!

यात नवल नाही. १९१४ च्या जनगणनेत त्या शहरातील जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले होते. गहू आणि मांस यांच्या निर्यातीने आलेल्या भरभराटीला हात हवे होते. युरोपातील दरिद्री माणसांनी ते पुरविले. एकेका खोलीत अख्खे कुटुंब, अशा आपल्या चाळींसारख्या वाड्यांत ती राहिली. १९०७ साली भाडेवाढीविरुद्ध या भाडेकरूंनी मोठा संप केला. टँगो वाढला तो अशाच वस्त्यांत. सत्ताधाऱ्यांना या माणसांचे श्रम हवे होते, आवाज नको होता. खटला न चालवता परदेशी माणसाला हद्दपार करण्याचा अधिकार देणारा कायदा १९०२ सालीच झाला होता आणि तो कामगार कार्यकर्त्यांवर सर्रास वापरला गेला.

१९३३ च्या नोव्हेंबरात शहर सोडलेला गार्देल जिवंत परतला नाही. २४ जून १९३५ रोजी कोलंबियात मेदेयीन येथील विमान अपघातात तो व ले पेरा दोघेही गेले. १९३६ साली त्याचे शव आले, तेव्हा सारे शहर रस्त्यावर लोटले. ज्याचा जन्म तेथला नव्हता, त्याला त्या शहराने आपला म्हणून निरोप दिला.

माझे वडील रत्नागिरीहून बोटीने मुंबईत उतरले, तेव्हा तेही बाहेरचेच होते. आज त्यांचीच नातवंडे नव्याने येणाऱ्याला ‘तू कोठला?’ म्हणून दरडावतात. मराठी भाषेच्या मानाचा आणि स्थानिकांच्या रोजगाराचा प्रश्न खरा आहे; त्याला बगल देऊ नये. पण त्याचा जाब धोरणे आखणाऱ्यांना आणि मजुरी पाडणाऱ्यांना विचारावा, पदपथावर झोपणाऱ्याला नव्हे.

शहरावरचा हक्क जन्माने मिळत नाही. तेथे गाळलेल्या घामाने मिळतो. कोणी सांगावे, आपल्या मुंबईचे उद्याचे गाणे आज रेल्वेतून उतरणारा एखादा पोरच रचील.